सूचकाच्या पाठीवरची तारीख

घराच्या छतावर बसवलेला धूरसूचक, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला स्मोक डिटेक्टर किंवा स्मोक अलार्म म्हणतात ते वाटोळे पांढरे उपकरण, पहिल्या वर्षी जसे दिसते तसेच बाराव्या वर्षीही दिसते. त्यावरचा बारीक हिरवा दिवा लागलेला असतो, बटण दाबले की कर्कश आवाजही येतो, आणि एवढ्यावरून ते ठीक चालले आहे असे घरातली माणसे गृहीत धरतात. हे गृहीत जिवावर बेतू शकते, कारण धूर किंवा विषारी वायू ओळखणारा त्याच्या पोटातला भाग वर्षागणिक क्षीण होत जातो आणि त्याची खूण बहुधा बाहेर उमटत नाही. उपकरण गप्प आहे याचा अर्थ घरात धोका नाही असा असू शकतो, तसाच धोका ओळखण्याची ताकद त्याच्यात उरलेली नाही असाही असू शकतो, आणि खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला या दोहोंतला फरक कळत नाही. त्या बाबतीत भरवशाची एक गोष्ट उपकरणाच्या पाठीवर छापलेली असते, ती म्हणजे ते कारखान्यात तयार झाल्याची तारीख. औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय गोळी न घेणारी माणसेही ही तारीख पाहत नाहीत, कारण ती छताकडे तोंड करून असते.

घरोघरी असे सूचक बसवण्याची रीत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत रुजली, आणि त्यामागे तिथल्या घरांची बांधणी हे एक सबळ कारण आहे. तिथली बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि आतले सोफे, गाद्या व गालिचे आता मुख्यतः पॉलियुरेथेन फोम आणि कृत्रिम धाग्यांचे असतात, जे कापूस आणि लाकूड यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने पेटतात आणि जळताना दाट, विषारी धूर सोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या चाचण्यांतून असे दिसले की १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत धूरसूचक वाजल्यापासून घराबाहेर पडायला सुमारे १७ मिनिटे मिळत असत, तर २००० नंतरच्या चाचण्यांत ज्वाळांनी पेटणाऱ्या आगीत हाच अवधी सुमारे ३ मिनिटांवर आला. सूचक दोन मिनिटे उशिरा वाजला तर पूर्वी निभावून जात असे, आता निभावत नाही. तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या आकडेवारीनुसार घरांतल्या आगींत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण तीन मृत्यू अशा घरांत होतात जिथे धूरसूचक नसतो किंवा असून चालू नसतो. यातल्या ‘असून चालू नसतो’ या दुसऱ्या गटाची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे, कारण उपकरण विकत घेतलेले असते, बसवलेले असते, आणि उणीव राहते ती फक्त देखभालीची.

ही देखभाल नेमकी कशाची करायची हे समजण्यासाठी उपकरणाच्या आत डोकावावे लागते. घरगुती धूरसूचक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्याला आयनीभवन सूचक म्हणतात, कारण त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यातली हवा अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाच्या कणांमुळे आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित होते आणि दोन पट्ट्यांमधून अत्यंत क्षीण वीजप्रवाह सतत वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की ते या भारित कणांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि गजर होतो. या तत्त्वाचा शोध काहीसा अनपेक्षितपणे लागला. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत होता. यंत्राने वायूला दाद दिली नाही, पण त्याने सिगारेट शिलगावली तेव्हा काटा हलला. दुसरा प्रकार प्रकाशविद्युत सूचकाचा. त्याच्या कप्प्यात एक प्रकाशकिरण अशा कोनात सोडलेला असतो की तो एरवी प्रकाशग्राहकावर पडत नाही, आणि धूर आत आला की त्याच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश ग्राहकापर्यंत पोचून गजर होतो. भडकून पेटलेल्या आगीतले अतिसूक्ष्म कण पहिला प्रकार लवकर ओळखतो, तर गादीत किंवा वायरीच्या वेष्टनात तासन्‌तास धुमसणाऱ्या आगीचा जाडसर धूर दुसरा प्रकार लवकर ओळखतो. रात्री झोपेत गाठणारी आग पुष्कळदा धुमसणारी असते, म्हणून केवळ आयनीभवन सूचकावर घर सोपवू नये. दोन्ही तत्त्वे एकत्र असलेला किंवा निदान प्रकाशविद्युत सूचक घरात असावा.

अमेरिसियम-२४१ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे ४३२ वर्षे आहे. हे कळल्यावर असे उपकरण दहा वर्षांत टाकून का द्यायचे, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की आयुष्य संपते ते किरणोत्सारी कणिकेचे नव्हे, तिच्याभोवतीच्या सगळ्या रचनेचे. कप्प्यात बारीक धूळ आणि स्वयंपाकाच्या वाफेतला तेलकट अंश साचत जातो, प्रकाशविद्युत सूचकातला दिवा मंदावतो आणि ग्राहकावर पापुद्रा चढतो, विद्युतमंडलातले भाग उष्णता व दमटपणा यांनी बिघडतात, आणि याचा परिणाम दोन उलट दिशांनी होऊ शकतो: सूचक विनाकारण वाजू लागतो किंवा धूर येऊनही वाजत नाही. म्हणून अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संहितेने धूरसूचक निर्मितीच्या तारखेपासून दहा वर्षांनी बदलावा असे ठरवून दिले आहे. इथे निर्मितीची तारीख या शब्दांकडे लक्ष द्यायला हवे, कारण दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला सूचक घरात फक्त आठच वर्षे काम देतो. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाने छपराची आणि तळघराची पाहणी करून घेताना प्रत्येक सूचकही छतावरून उतरवून पाहावा. बहुतेक सूचक डावीकडे हलके फिरवले की आपल्या बैठकीतून सुटतात आणि पाठीवरच्या लेबलावर तारीख वाचता येते. तारीख सापडलीच नाही तर तो सूचक जुना समजून बदलावा.

मुदत संपेपर्यंतच्या काळातली देखभाल साधी आहे, मात्र ती नेमाने व्हावी लागते. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहावे, आणि तो आवाज दार बंद असलेल्या झोपण्याच्या खोलीत पुरेसा ऐकू येतो का हेही एकदा तपासावे. बटणाने बॅटरी, विद्युतमंडल आणि भोंगा यांची खात्री पटते, परंतु बाहेरचा धूर जाळीतून कप्प्यात शिरू शकतो की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जाळी मोकळी ठेवावी लागते: व्हॅक्युम क्लीनरच्या मऊ कुंचल्याने वर्षातून दोन-तीनदा बाहेरून धूळ ओढून घ्यावी, ओले फडके, साबण किंवा कोणताही फवारा वापरू नये. लहान कोळी आणि बारीक किडे कप्प्यात शिरून अकारण गजर करवतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. रंगकाम किंवा फरशी घासण्याचे काम निघाले की सूचक झाकावा किंवा उतरवून ठेवावा आणि काम संपल्याच्या दिवशीच आठवणीने परत लावावा. सूचकावर स्वतः रंगाचा हात कधीच फिरवू नये. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात छताबरोबर सूचकही रंगवला गेला, तर त्याची छिद्रे बुजतात आणि तो त्या दिवसापासून निरुपयोगी होतो.

बॅटरी उतरू लागली की सूचक दर अर्ध्या किंवा एका मिनिटाला एक छोटी चिवचिव करतो. ही चिवचिव बहुधा पहाटेच सुरू होते, कारण घरातली हवा त्या वेळी सर्वांत थंड असते, थंडीत बॅटरीचा विद्युतदाब आणखी खाली येतो आणि काठावर असलेली बॅटरी नेमकी तेव्हाच मर्यादेखाली जाते. झोपमोड झालेला माणूस खुर्चीवर चढतो, बॅटरी काढून टेबलावर ठेवतो आणि सकाळी नवी आणायचे विसरतो. घरे असुरक्षित होण्याची ही अगदी नेहमीची वाट आहे. ती बंद व्हावी म्हणून कॅलिफोर्नियाने २०१४ पासून आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ पासून, केवळ बॅटरीवर चालणारे नवे सूचक विकताना त्यांत दहा वर्षे टिकणारी, बाहेर न काढता येणारी सीलबंद बॅटरी असावी असा नियम केला. नवी बॅटरी घालूनही चिवचिव थांबत नसेल तर पुष्कळदा तो उपकरणाचे आयुष्य संपल्याचा इशारा असतो, आणि अशा वेळी बॅटरीमागून बॅटरी बदलत बसण्यात अर्थ नसतो.

सूचक बंद पाडण्याचे दुसरे मोठे कारण स्वयंपाकघरात असते, आणि परदेशातल्या मराठी घरांशी त्याचा थेट संबंध आहे. कडकडीत तेलात मोहरी, हिंग आणि सुकी मिरची पडली की उठणारा खाट आयनीभवन सूचकाला आगीसारखाच वाटतो. उदबत्ती, धूप आणि आरतीचा कापूर यांचीही तीच गत. रोज वाजणाऱ्या सूचकावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची किंवा तो काढून कपाटात ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते, परंतु त्यावर चांगले उपाय आहेत. सूचक शेगडीपासून किमान दहा फूट दूर असावा, स्नानगृहाच्या दारापासून तीन फूट दूर असावा, पंख्याच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात नसावा. स्वयंपाकघराजवळ प्रकाशविद्युत प्रकारच लावावा आणि फोडणीपूर्वी धूर बाहेर टाकणारा पंखा चालू करावा. गजर काही मिनिटांपुरता शांत करणारे बटण बहुतेक नव्या सूचकांवर असते, ते वापरावे. अमेरिकेतल्या यूएल २१७ या मानकाच्या नव्या आवृत्तीत तर पॉलियुरेथेन फोमची आग आणि मांस भाजताना होणारा धूर यांतला फरक सूचकाला ओळखता आला पाहिजे अशी चाचणीच घातलेली आहे, त्यामुळे जुना सूचक बदलताना रोजचा हा त्रासही पुष्कळ कमी होतो.

कार्बन मोनॉक्साइडचा सूचक हे याहून पूर्णपणे निराळे उपकरण आहे, आणि दोन्ही एकाच डबीत मिळत असले तरी त्यांची कामे आणि त्यांची आयुष्ये वेगळी आहेत हे ध्यानात ठेवावे लागते. कोणतेही इंधन अपुऱ्या प्राणवायूत जळाले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही त्याच्या शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे अशी सुरुवातीची लक्षणे साध्या तापासारखी असतात आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. ब्रिटनच्या कोळसा खाणींत हा वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी नेण्याची रीत १९८६ पर्यंत चालू होती. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने अमेरिकेत आजही दरवर्षी ४०० हून अधिक माणसे दगावतात; बिघडलेली भट्टी, गॅरेजमध्ये चालू राहिलेली मोटार, वादळात वीज गेल्यावर घरात लावलेला जनरेटर ही त्यामागची नेहमीची कारणे.

या सूचकाच्या पोटात बहुधा एक विद्युतरासायनिक घट असतो. त्यातल्या प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते, त्या क्रियेत सुटलेले इलेक्ट्रॉन वीजप्रवाह निर्माण करतात आणि प्रवाहाच्या प्रमाणावरून वायूचे प्रमाण कळते. घटातला आम्लयुक्त द्रव काळाबरोबर सुकत जातो आणि विद्युतअग्रावर इतर वाफांचा लेप चढतो, म्हणून या सूचकाचे आयुष्य अनेक जुन्या बनावटींत पाच ते सात वर्षांचे आणि काही नव्या बनावटींत दहा वर्षांचे असते. नेमका आकडा पाठीवर दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. इथे चाचणीच्या बटणाची मर्यादा फार महत्त्वाची ठरते, कारण ते दाबल्यावर भोंगा वाजला तरी सुकलेला घट वायू ओळखू शकेल याची कसलीही हमी त्यातून मिळत नाही. दोन्ही सूचक एकाच डबीत असतील तर ज्याचे आयुष्य आधी संपते त्याप्रमाणे सारी डबी बदलावी लागते.

कार्बन मोनॉक्साइडचा सूचक वायूचा अंश दिसताक्षणी वाजत नाही, तर प्रमाण आणि काळ यांचा मेळ घालून वाजतो. प्रमाण मोजण्याचे एकक पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग. अमेरिकेच्या यूएल २०३४ या मानकानुसार ७० पीपीएम प्रमाण असेल तर एक ते चार तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत गजर व्हायला हवा. उत्तर अमेरिकेत धुराचा गजर तीन-तीन ठोक्यांचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा चार-चार ठोक्यांचा असतो. हा फरक घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावा. चार ठोके ऐकू आले की सर्वांनी मोकळ्या हवेत बाहेर पडावे आणि तिथूनच मदत मागवावी, अमेरिकेत ९११ वर, भारतात ११२ किंवा १०१ वर. खिडक्या उघडल्यावर गजर थांबला म्हणून परत झोपायला जाणे घातक असते, कारण वायूचे मूळ तसेच राहिलेले असते आणि रक्तात शिरलेला वायू साध्या हवेत निम्म्यावर यायलाच चार ते सहा तास लागतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत घराच्या भिंती सिमेंटच्या आहेत आणि मध्यवर्ती भट्ट्या नाहीत, म्हणून हा विषय परका वाटतो; पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझर आणि थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी यांनी इथेही माणसे गेली आहेत. फुललेल्या निखाऱ्यांतून धूर जवळजवळ येत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर येतो, त्यामुळे तिथे धूरसूचक काहीही सांगत नाही. गॅस गिझरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी: लहानशा न्हाणीघरात ज्योत हवेतला प्राणवायू संपवत जाते आणि वायूचे प्रमाण इतक्या झपाट्याने चढू शकते की मिनिटांच्या हिशेबाने चालणारा सूचक वेळेत उपयोगी पडेलच असे नाही. त्यावर उपाय एकच, गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवणे किंवा त्याचा धूर नळीने घराबाहेर सोडणे; सूचक हा त्यानंतरचा आधार आहे.

दुकानात गॅस डिटेक्टर या नावाखाली मिळणारे उपकरण बहुधा स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे असते आणि ते कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, तेव्हा विकत घेताना खोक्यावर वायूचे नाव वाचूनच घ्यावे. गळतीच्या सूचकातही जागेचा भेद आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्याचा सूचक जमिनीलगत लावतात. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो, म्हणून त्याचा सूचक छताजवळ लावतात. सिलिंडरचा गॅस बंद करून नळाचा गॅस घेतलेल्या घरात जुना सूचक तिथेच राहिला तर तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या वायूसाठी राहतो. इन्व्हर्टरच्या साध्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक त्यालाही फसतो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या शेजारी नसावा. उंच इमारतींत जिन्यात आणि व्हरांड्यात सामायिक यंत्रणेचे सूचक असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. ते प्रमाणपत्र पाहायला मागण्याचा प्रत्येक सभासदाने आग्रह धरावा, आणि तळमजल्यावरचे नियंत्रण फलक सारखे वाजते म्हणून आवाज बंद करून ठेवलेले नाही ना, हेही जाता-येता पाहावे.

सूचक बदलण्याची वेळ आली की घरातली माणसे कोण आहेत याचा विचार करून नवा घ्यावा. नेहमीच्या सूचकाचा आवाज सुमारे ३००० हर्ट्झ इतक्या वरच्या पट्टीतला असतो आणि वयाबरोबर माणसाची हीच वरची पट्टी ऐकण्याची शक्ती आधी जाते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांच्या खोलीत ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजणारा सूचक लावणे अधिक योग्य, कारण अशा आवाजाने ऐकू कमी येणारी माणसे झोपेतून अधिक खात्रीने जागी होतात. तळमजल्यावरचा सूचक वाजला की सगळ्या घरातले सूचक एकदम वाजावेत अशी परस्परजोडणी असलेले संच घेतल्यास उत्तम, मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे सूचक एकमेकांशी जुळतीलच असे नसते, म्हणून त्यांतला एक बदलायचा तर पुष्कळदा सगळेच बदलावे लागतात. घराच्या विजेवर चालणारा सूचक उतरवताना आधी त्या मंडलाचा पुरवठा बंद करावा, नव्याबरोबर येणारा जोडच वापरावा, आणि बसवण्यापूर्वी निर्मितीची तारीख व बदलण्याचे वर्ष मोठ्या अक्षरांत त्याच्या कडेवर लिहावे, म्हणजे पुढे ते खालूनही वाचता येते.

काढून टाकलेल्या जुन्या आयनीभवन सूचकाचा कप्पा उघडू नये, तो फोडू वा जाळू नये. त्यातले अल्फा कण कागदानेही अडतात आणि बंद डबीतून कोणाला अपाय होत नाही, पण कणिका मोकळी होऊन श्वासातून किंवा तोंडातून शरीरात गेली तर ती धोक्याची ठरते. परदेशात असे सूचक काही उत्पादक परत घेतात, काही ठिकाणी स्थानिक कचरा विभागाचे त्यासाठी स्वतंत्र नियम असतात. भारतात किरणोत्सारी पदार्थ असलेल्या सूचकांचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे, म्हणून इमारतीतले असे जुने सूचक भंगारवाल्याला न देता पुरवठादारामार्फतच परत पाठवावेत. प्रकाशविद्युत आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक बॅटरी वेगळी काढून इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्यावेत, आणि सीलबंद बॅटरीच्या सूचकाला मागे असलेली बंद करण्याची कळ आधी फिरवावी, नाही तर तो कचऱ्याच्या डब्यातही कित्येक दिवस चिवचिवत राहतो.